मुक्या वस्तूंना वाणी हवी

मे महिना उजाडला आणि साळावली धरणाचे पाणी ओसरू लागले, की सांगे तालुक्यातील कुर्डी गाव पुन्हा उन्हात येतो. येतो म्हणजे काय, तर घरांची जोती दिसू लागतात, पडक्या भिंतींचे अवशेष वर येतात, झाडांचे वाळके बुंधे आणि जुन्या वाटांचे दगड ओळखू येतात. गानतपस्विनी मोगूबाई कुर्डीकरांच्या नावाशी कायमचा जोडला गेलेला हा गाव वर्षातील बहुतेक महिने पाण्याखाली असतो. परंतु मे महिन्यात वाडे-वालकिणीच्या वसाहतींत आणि अन्यत्र पांगलेले कुर्डीकर तेथे परत जमतात. हिंदू आपल्या देवाच्या ठिकाणी व ख्रिस्ती आपल्या कपेलापाशी हात जोडतात. मग एखादा वृद्ध नातवाचे बोट धरून चिखल वाळलेल्या जमिनीवरून चालू लागतो आणि येथे आपली तुळस होती, येथे गोठा होता, येथे मळणी होत असे, असे त्यास दाखवीत जातो.

तेथे तिकीट नाही, काचेची कपाटे नाहीत, वस्तूखाली नावाची पाटी नाही. तरीही संग्रहालयाचे जे खरे कार्य, ते तेथे घडते. वस्तू समोर आहे, तिची ओळख असलेला माणूस शेजारी आहे आणि ऐकणारे मूल आहे. या तिघांची गाठ पडते तेव्हाच इतिहास एका पिढीच्या हातून दुसऱ्या पिढीच्या हाती जातो. कुर्डीची जोती आणखी पुष्कळ वर्षे टिकतील, मुलेही येत राहतील. सांगणारा मात्र फार काळ असणार नाही. आज गोमंतकातील संग्रहालयांविषयी लिहिताना आम्हांस सर्वप्रथम या वृद्धाची आठवण होते, ती याच कारणाने.

दरवर्षी १८ मे हा दिवस आंतरराष्ट्रीय संग्रहालय दिन म्हणून पाळला जातो. संग्रहालयांच्या जागतिक परिषदेने १९७७ पासून हा पायंडा पाडला. आणि हा योगायोगही लक्षात घेण्याजोगा आहे, की आपले गोवा राज्य संग्रहालय स्थापन झाले तेही १९७७ सालीच. अशा दिवशी उत्सवमूर्तींची भाषणे व्हावीत, वृत्तपत्रांत छायाचित्रे यावीत आणि दुसऱ्या दिवसापासून दालनांत पुन्हा शुकशुकाट व्हावा, ही रीत आपल्या देशाला नवी नाही. परंतु याच सुट्टीच्या दिवसांत शेकडो गोमंतकीय कुटुंबे मुंबईस नातलगांकडे जातात आणि मुलांना घेऊन तेथील मोठ्या वस्तुसंग्रहालयाची पायरी चढतात. तेथे काय चालते आणि येथे काय चालत नाही, हे ती कुटुंबे स्वतःच्या डोळ्यांनी पाहून येतात. तेव्हा ही तुलना आम्ही केली नाही तरी आमचे वाचक ती करणारच.

मुंबईच्या फोर्ट भागातील छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयाची पायाभरणी ११ नोव्हेंबर १९०५ रोजी तत्कालीन युवराजांच्या, म्हणजे पुढे पंचम जॉर्ज झालेल्या राजपुत्राच्या हस्ते झाली. त्यामुळे १९९८ पर्यंत ते प्रिन्स ऑफ वेल्स यांच्या नावाने ओळखले जात होते. जॉर्ज विटेट या वास्तुशिल्पज्ञाने उभारलेली ती घुमटाची इमारत १९१४ मध्ये पुरी झाली. परंतु महायुद्ध पेटले, इमारत लष्करी इस्पितळासाठी घेतली गेली आणि संग्रहालय म्हणून तिची दारे लोकांसाठी उघडण्यास १० जानेवारी १९२२ उजाडावा लागला. शेठ पुरुषोत्तम मावजी यांचा संग्रह, रतन टाटा आणि दोराबजी टाटा या बंधूंनी दिलेले संग्रह, अशा अनेक संग्रहांनी ती दालने भरली. मराठी माणसाला आपुलकी वाटावी असे सदाशिव गोरक्षकरांचे नावही या संस्थेशी निगडित आहे. १९७४ पासून सुमारे दोन तपे त्यांनी तिचे संचालकपद भूषविले.

परंतु या संस्थेचा मोठेपणा आम्ही तिच्या घुमटात किंवा वस्तूंच्या संख्येत पाहत नाही. ती आपल्या वस्तूंना स्वस्थ बसू देत नाही, यात तिचा मोठेपणा आहे. पुढील काही महिन्यांत कोणते प्रदर्शन भरणार, मुलांनी आणि त्यांच्या आईवडिलांनी कोणत्या कार्यक्रमास यावे, कोणत्या विषयावर कोणाचे व्याख्यान आहे, याची वर्दी अशी संस्था आधीपासून देत असते. बदलते प्रदर्शन, सहकुटुंब उपक्रम आणि व्याख्यान ही त्रयी म्हणजे संग्रहालयाच्या जेवणावरची चटणी-कोशिंबीर आहे, असे आपल्याकडील पुष्कळ अधिकारी समजतात. आमच्या मते तेच मुख्य अन्न आहे. काचेच्या कपाटातील वस्तू हे धान्य होय. ते कोणी शिजविले नाही तर कोठारातच राहते.

प्रथम बदलत्या प्रदर्शनांचा विचार करू. २०१३ च्या डिसेंबरात मुंबईच्या याच संग्रहालयात सायरसची मृत्तिकेची वृत्तचिती मांडली गेली. इराणच्या या सम्राटाने इसवी सनापूर्वी ५३९ साली बॅबिलोन जिंकल्यानंतर कोरविलेला तो लेख, हाताच्या ओंजळीत मावेल न मावेल एवढ्या मातीच्या तुकड्यावर आहे. मुंबईतील पारशी समाजासाठी ते आपल्या प्राचीन मायभूमीचे दर्शन होते आणि इतरांसाठी जगाच्या इतिहासातील एका मोठ्या पानाचे. २०१७ च्या नोव्हेंबरात ‘भारत आणि जग’ या विषयावर ब्रिटिश म्युझियम व दिल्लीचे राष्ट्रीय संग्रहालय यांच्या साहाय्याने सुमारे दोनशे वस्तूंचे प्रदर्शन भरले. त्यात आपल्याकडील वस्तू आणि त्याच काळातील परदेशी वस्तू शेजारी शेजारी ठेवल्या होत्या. डिसेंबर २०२३ मध्ये इजिप्त, असीरिया, ग्रीस आणि रोम येथील शिल्पे भारतीय शिल्पांच्या सोबतीने मांडली गेली. आपला देव आणि दुसऱ्याचा देव, आपला राजा आणि दुसऱ्याचा राजा एका छताखाली पाहिले म्हणजे आपल्या परंपरेचा खरा अभिमान आणि खरी विनम्रता या दोन्ही गोष्टी माणसाला एकदम येतात. वर्गात बसून हे शिकविता येत नाही.

बदलत्या प्रदर्शनांमागे दुसरेही एक कारण आहे आणि ते शास्त्रीय आहे. कोणत्याही मोठ्या संग्रहालयात जेवढ्या वस्तू मांडलेल्या असतात त्यांच्या कितीतरी पट कोठीत असतात. शिवाय कागद, कापड, जलरंगातील चित्रे या वस्तू प्रकाशाला भितात. त्यांच्यावर ५० लक्सपेक्षा अधिक प्रकाश पडू देऊ नये, असा संग्रहालयशास्त्राचा रूढ दंडक आहे. प्रकाशाने उडालेला रंग कोणत्याही उपायाने परत येत नाही. म्हणून अशा वस्तू काही महिने मांडावयाच्या आणि पुन्हा अंधारात विसाव्यास ठेवावयाच्या, हाच मार्ग उरतो. ज्या गोव्यात आषाढातील पावसात कपाटातील पुस्तकांवर बुरशी चढते आणि लाकडाला वाळवी लागण्यास एक पावसाळा पुरतो, तेथे तर वस्तूंची अशी पाळीपाळीने तपासणी, साफसफाई आणि अदलाबदल ही चैन नसून जीवनमरणाची बाब आहे. जे संग्रहालय वर्षानुवर्षे एकच मांडणी ठेवते ते प्रेक्षकांना कंटाळा आणते आणि वस्तूंचे आयुष्यही कमी करते.

दुसरी गोष्ट सहकुटुंब उपक्रमांची. मुंबईच्या या संग्रहालयाच्या आवारात २०१९ पासून खास मुलांसाठी स्वतंत्र संग्रहालय उभे आहे. ‘हात लावू नका’ ही जी आपल्या संग्रहालयांची आद्य आज्ञा, तिला तेथे काहीसा विराम आहे. मुलाने पाहावे, विचारावे, स्वतः काही करून पाहावे, अशी तेथली कल्पना आहे. ज्यांना मुंबईस येणे जमत नाही त्यांच्यासाठी २०१५ पासून त्या संस्थेची फिरत्या संग्रहालयाची बस शाळाशाळांतून जाते. यात नवीन असे काही नाही, असे बडोद्याचे जुने रहिवासी म्हणतील आणि ते खोटे म्हणता येणार नाही. सयाजीराव महाराजांनी बडोद्यास वस्तुसंग्रहालय तर उभारलेच, परंतु १९११ नंतर त्यांच्या ग्रंथालय खात्याने पुस्तकांच्या पेट्या खेडोपाडी धाडल्या आणि जादूच्या कंदिलाची चित्रेही लोकांपुढे नेली. विद्या लोकांकडे चालत गेली पाहिजे, हे त्या द्रष्ट्या राजाने एका शतकापूर्वी जाणले होते. पेडण्यापासून काणकोणापर्यंत एका दिवसात जाऊन येता येते, एवढ्या लहान राज्यात हे करण्यास आपणांस कोणती नदी आडवी येते?

आणि सहकुटुंब म्हणताना आम्ही केवळ मुलांचा विचार करीत नाही. आपल्या घरांतील वडीलधारी मंडळी ही या उपक्रमांतील खरी अध्यापक आहेत. भात मोजण्याची पायली आणि कुडव, माजघरातील रगडा, आंघोळीचे पाणी तापविण्याचे तांब्याचे भाण, खोबरे किसण्याची आदोळी, खाजन शेतीच्या बांधातील मानशीची लाकडी दारे, मिठागरातील अवजारे, या वस्तूंचे नाव आजच्या मुलास ठाऊक नाही. आजीला मात्र त्यांचे नावच नव्हे तर वजन, आवाज आणि वासही ठाऊक आहे. भरतीच्या पाण्याला मानस कशी आपोआप मिटते आणि ओहोटीला कशी उघडते, हे ज्याने आयुष्यभर बांधावर उभे राहून पाहिले त्याच्याइतके चांगले कोणता मार्गदर्शक सांगेल? कवी ‘अज्ञातवासी’ म्हणजे पुण्याचे दिनकर केळकर यांनी अकाली गेलेल्या आपल्या राजा या मुलाच्या स्मरणार्थ दिवे, अडकित्ते आणि स्वयंपाकघरातील भांडी गोळा करून एक थोर संग्रहालय उभे केले. आपल्या बाणावलीस व्हिक्टर ह्युगो गोमिश यांनी ‘गोवा चित्र’ संग्रहालयात जुन्या शेती-अवजारांचा संसार असाच जिद्दीने मांडला आहे. एकेकटी माणसे एवढे करू शकतात, तर संस्थांनी काय करावे?

तिसरी गोष्ट व्याख्यानांची. व्याख्यान ऐकण्याची हौस मराठी समाजाला मुद्दाम शिकवावी लागत नाही. न्यायमूर्ती रानड्यांनी १८७५ मध्ये पुण्यात वसंत व्याख्यानमाला सुरू केली, तेव्हापासून ती आमच्या रक्तात आहे. गोमंतकात तर त्याहूनही जुनी शाळा होती. देवळाच्या चौकात कीर्तन चाललेले असे आणि ऐकणाऱ्याच्या डोळ्यांसमोर खांबांवरील लाकडी कोरीवकाम वा भिंतीवरील तांबड्या मातीच्या काविकलेची चित्रे असत. कीर्तनकाराने जी कथा सांगावी ती मूल भिंतीवर पाही आणि भिंतीवर पाहिलेले कीर्तनात ओळखी. वस्तू आणि वाणी यांचा असा संसार शेकडो वर्षे ज्या भूमीत नांदला, त्या भूमीतील संग्रहालयांत वस्तू एकट्या पडाव्यात, हे आम्हांस खटकते.

ही वाणी कोणत्या भाषेतील असावी, हेही स्पष्ट सांगितले पाहिजे. इंग्रजी पाटी परदेशी पाहुण्यास जरूर असावी. परंतु सत्तरी वा सांगे भागातून आलेल्या शेतकऱ्यास त्याच्याच गावच्या वीरगळाची माहिती त्याला कळेल अशा मराठीत आणि कोकणीत मिळाली नाही, तर ते संग्रहालय त्याचे नव्हे. वस्तू त्याच्या शेतातून आली आणि तिची कथा मात्र त्याला समजत नाही, याहून मोठी विसंगती कोणती?

आणि येथेच आम्ही या लेखातील सर्वांत गंभीर मुद्द्याकडे येतो. वस्तू मुकी राहिली म्हणजे तिच्याभोवती शांतता राहते असे नाही. तिच्या नावाने अफवा बोलू लागते. आपल्या राज्य संग्रहालयात इन्क्विझिशनच्या न्यायासनाचे म्हणून दाखविले जाणारे भव्य लाकडी मेज व खुर्च्या आहेत. १५६० ते १८१२ या काळात, मधला थोडा खंड सोडल्यास, गोव्यात चाललेल्या त्या अमलाने किती घरे उद्ध्वस्त केली आणि किती कुटुंबांना देवांसह खाड्या ओलांडून जावे लागले, याची स्मृती या भूमीत आजही जागी आहे. त्या मेजासमोर उभ्या राहिलेल्या तरुणास कोणी अभ्यासकाने कागदपत्रांच्या आधारे, शांतपणे व निर्भयपणे सर्व काही सांगितले, तर तो इतिहास घेऊन घरी जाईल. कोणीच काही सांगितले नाही, तर तो एक तर कंटाळून पुढे जाईल किंवा रस्त्यावर जे कानी पडेल ते खरे मानील. यांपैकी पहिल्याने विस्मृती वाढते आणि दुसऱ्याने वैर वाढते. दोन्हींचा धोका समाजाला सारखाच आहे.

जुन्या गोव्यातील पुरातत्त्व संग्रहालयात व्हाइसरॉय आणि गव्हर्नर यांच्या चित्रांची जी रांग आहे तिची कथाही अशीच. जुआंव द कास्त्रो याने १५४७ मध्ये ही चित्रमाला सुरू करविली. पुढे प्रत्येक सत्ताधीशाची त्यात भर पडत गेली आणि जुन्या चित्रांवर पुन्हा पुन्हा रंगही चढविले गेले. मुक्तीनंतर या चित्रांचे काय करावे, असा प्रश्न पडणे साहजिक होते. ती जपली गेली हे योग्यच झाले, कारण पराभूत सत्तेची साधने जपण्यास स्वतंत्र राष्ट्राने भिण्याचे कारण नाही. परंतु जपणे हे निम्मेच काम झाले. सत्ता स्वतःची प्रतिमा कशी रंगविते, हे त्या चित्रांपुढे उभे राहून सांगणारा वक्ता मिळाला, तर त्या रांगेइतका उत्तम राज्यशास्त्राचा वर्ग दुसरा सापडणार नाही.

हीच गोष्ट अग्वादच्या तुरुंगाची. १९ डिसेंबर २०२१ रोजी, मुक्तीच्या षष्ट्यब्दीच्या दिवशी, तो तुरुंग स्मारक-संग्रहालय म्हणून लोकांस खुला झाला. १८ जून १९४६ च्या मडगावच्या सभेपासून १९६१ पर्यंतच्या लढ्यात ज्यांनी अशा कोठड्या भोगल्या त्यांपैकी फारच थोडे आज आपल्यात आहेत. त्या भिंती उद्याही असतील. त्या भिंतींआड काढलेल्या रात्रींचे वर्णन करणारा मात्र उद्या नसेल. जे कोणी आहेत त्यांना सन्मानाने तेथे नेऊन शाळेतील मुलांसमोर बोलते करणे आणि त्यांचे बोलणे ध्वनिमुद्रित करून ठेवणे, या कामास एका वर्षाचाही विलंब परवडणारा नाही.

आता राज्य संग्रहालयाच्या स्थितीविषयी. १९९६ च्या जून महिन्यात राष्ट्रपती शंकर दयाळ शर्मा यांच्या हस्ते पाटो येथील त्याच्या इमारतीचे थाटात उद्घाटन झाले. पाव शतक लोटण्याच्या आतच ती इमारत धोकादायक म्हणून रिकामी करण्याची पाळी आली. मग वस्तूंची बांधाबांध झाली आणि मांडवीच्या काठावरील आदिलशहाच्या राजवाड्यात, म्हणजे आपल्या जुन्या सचिवालयात, संग्रहालयाची तात्पुरती सोय करण्यात आली. शतकापूर्वी बांधलेली मुंबईची इमारत दिमाखात उभी राहते आणि आमची पंचवीस वर्षेही टिकत नाही, यावर भाष्य करण्याची आवश्यकता नाही. त्यानंतर संग्रहालयाविषयी जी काही चर्चा होते ती इमारतीचीच. जागा कोणती, नकाशा कोणाचा, खर्च किती. त्या इमारतीत वर्षभर काय घडणार, हा प्रश्न विचारलेला आमच्या फारसा ऐकिवात नाही.

‘आधी इमारत होऊ द्या, मग कार्यक्रमांचे पाहू,’ असे यावर सांगण्यात येईल. हा क्रम आम्हांस मान्य नाही. इमारत बांधून पूर्ण झाली म्हणजे संग्रहालय झाले असे नव्हे, हे मुंबईच्या १९१४ ते १९२२ या आठ वर्षांनी दाखविलेच आहे. उलट चार वस्तू, एक जाणता वक्ता आणि पन्नास श्रोते एवढ्यावर संग्रहालयाचे कार्य सुरू होऊ शकते. त्यासाठी पंचायतीचे सभागृह चालते, देवळाचा सभामंडप चालतो, शाळेची पडवी चालते.

‘लोक येत नाहीत’ हा दुसरा आक्षेप. ज्या गोव्यात जत्रा, शिगमा आणि नाटके यांना गावेच्या गावे लोटतात तेथे हे म्हणणे धाडसाचे होय. २०१६ पासून डिसेंबरात पणजीत भरणाऱ्या सेरेंडिपिटी कला महोत्सवाने हेच जुने सचिवालय गजबजून गेलेले आपण पाहिले आहे. वास्तू तीच, पायऱ्याही त्याच. मग इतर दिवशी तेथे सामसूम का असावी? फरक एवढाच, की महोत्सव लोकांना बोलावतो. लोक बोलावल्याठिकाणी जातात. न बोलावता जावे असे एक देवाचे दार आणि एक दुःखाचे घर, असे आपले वडील सांगत आले आहेत. संग्रहालय या दोहोंत बसत नाही.

या संदर्भात आम्हांस पेडणे तालुक्यातील मांद्रे गावच्या एका सुपुत्राचे स्मरण होते. रामचंद्र विठ्ठल लाड, म्हणजेच डॉक्टर भाऊ दाजी, या गावी १८२२ च्या सुमारास जन्मले. ते मुंबईस गेले, एल्फिन्स्टनमध्ये शिकले, ग्रँट मेडिकल कॉलेजच्या पहिल्या पदवीधरांपैकी एक झाले, गरिबांचे वैद्य म्हणून नावाजले आणि फावल्या वेळात शिलालेखांच्या वाचनात मोठ्या पंडितांच्या पंक्तीस बसले. मुंबईत एक संग्रहालय असावे म्हणून जगन्नाथ शंकरशेट, जॉर्ज बर्डवुड आदींबरोबर ज्यांनी हाडाची काडे केली त्यांत भाऊ अग्रभागी होते. १८६२ मध्ये पायाभरणी झालेले ते संग्रहालय भायखळ्याच्या राणीच्या बागेत १८७२ मध्ये उघडले आणि १९७५ मध्ये त्यास डॉक्टर भाऊ दाजी लाड यांचे नाव देण्यात आले. मुंबईच्या कामगारांची आणि चाकरमान्यांची पोरे बागेतील वाघ-हत्ती पाहता पाहता या ‘अजबखान्यात’ शिरली आणि तेथील मातीच्या प्रतिकृतींतून आपल्याच मुलखातील नाना जातीजमाती आणि नाना कारागीर ओळखू लागली. परकी सत्ता डोक्यावर असताना, मांद्र्याचा एक गरीब मुलगा मुंबईला संग्रहालय मिळवून देण्यात वाटेकरी होतो आणि स्वतंत्र गोव्यातील मांद्र्याच्या मुलास मात्र तसे काही पाहण्यासाठी मुंबईची गाडी धरावी लागते, ही गोष्ट आपणा सर्वांनाच विचार करावयास लावणारी नाही काय?

पुरातत्त्व व संग्रहालय यांचे काम पाहणाऱ्या मंडळींच्या निष्ठेविषयी आम्हांस शंका घ्यावयाची नाही. परंतु केवळ सरकारी खात्याच्या चाकोरीत राहून जिवंत संग्रहालय चालविणे कठीण आहे, हेही खरे. मुंबईचे संग्रहालय विश्वस्तांचे मंडळ चालविते आणि समाजाच्या देणग्यांचे त्यास बळ आहे. जुन्या गोव्यातील सांता मोनिका मठातील ख्रिस्ती कला संग्रहालय गुलबेंकियन प्रतिष्ठानाच्या साहाय्याने नूतनीकरण होऊन २०२२ मध्ये पुन्हा उघडले. आपल्या घरची देवळे, मठ, संस्थाने आणि दानशूर व्यापारी यांनीही असाच हात पुढे करावा, असे वातावरण सरकारने निर्माण केले पाहिजे.

आमच्या मागण्या मोजक्या आहेत. राज्य संग्रहालयाने दर सहा महिन्यांनी आपल्या कार्यक्रमांची यादी आगाऊ जाहीर करावी आणि ती मराठी, कोकणी व इंग्रजी वृत्तपत्रांतून लोकांपर्यंत पोचवावी. वर्षातून निदान तीन-चार बदलती प्रदर्शने भरवावीत. खाजन शेती, काविकला, कदंबांचे ताम्रपट व नाणी, उसगाळीमळ येथील कातळचित्रे, देवळांतील संगीत परंपरा, असे विषय आपल्याकडे ढिगांनी आहेत. महिन्यातील एक रविवार कुटुंबांसाठी राखून ठेवावा आणि त्या दिवशी घरोघरच्या आजी-आजोबांना पाहुणे न समजता वक्ते समजून बोलवावे. त्यांनी घरातील एखादी जुनी वस्तू आणावी, तिची कथा सांगावी, ती कथा लिहून घ्यावी आणि वस्तू सन्मानाने त्यांच्या घरी परत जावी. दर पंधरवड्यास एक व्याख्यान वस्तूच्या शेजारी व्हावे, आणि पाळीपाळीने ते फोंडा, म्हापसा, मडगाव, डिचोली, काणकोण येथेही जावे. यांपैकी कशासाठीही नव्या इमारतीची वाट पाहावी लागत नाही.

सरकारइतकीच जबाबदारी आपलीही आहे. जुने घर पाडताना वा विकताना माजघरातील वस्तू भंगाराच्या भावाने बाहेर जातात आणि चार महिन्यांनी तीच समई एखाद्या पर्यटन हॉटेलच्या दर्शनी भागात उभी दिसते. तिचे तेथे कौतुक होते, परंतु ती कोणत्या कुळाची, कोणत्या देव्हाऱ्यातील, हे सांगणारे कोणी नसते. वस्तू विकली तरी निदान तिची हकीकत लिहून ठेवावी, एवढे तरी प्रत्येक घरास करता येईल. येत्या रविवारी मुलांना घेऊन पणजीस अथवा जुन्या गोव्यास जावे, प्रश्न विचारावेत, उत्तर न मिळाल्यास तसे नोंदवहीत लिहावे. मागणाऱ्यास कधी ना कधी मिळते. न मागणाऱ्याच्या वाट्याला कुलूपच येते.

जून लागेल, पाऊस कोसळेल आणि कुर्डीची जोती पुन्हा पाण्याखाली जातील. पुढच्या मे महिन्यात ती वर येतील यात संशय नाही. त्या जोत्यांजवळ उभे राहून सांगणारा तो वृद्ध पुढील वर्षी असेल की नाही, हे कोणीच सांगू शकत नाही. त्याचे शब्द आपण याच वर्षी ऐकून घेतले पाहिजेत.